ती मतं मी मोजली आहेत: अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणपतीच्या प्रसादाची यादी चालली होती. मोदक कोण करणार, किती करणार, वाटली डाळ कुणाकडे. रात्री अकराला पुन्हा फोन हातात घेतला तर बोलणं २०२० च्या निवडणुकीवर गेलेलं: ट्रम्प हरले ते मोजणीतल्या घोटाळ्यामुळे, असं म्हणणं. एका काकांनी लिहिलं होतं, "अटलांटात मतं मोजणाऱ्या सगळ्यांना तेव्हाच तुरुंगात टाकायला हवं होतं." खाली सात अंगठे. त्या सात जणांतले चार माझ्या घरी पानावर बसून जेवलेले आहेत.

मी उत्तर लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. चार ओळींत मावणारं ते नव्हतं, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहिते आहे, कारण न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया, कुठल्याही मैत्रिणीशी बोलावं तर त्यांच्या ग्रुपवरही हाच वाद, हेच व्हिडिओ आणि याच शिव्या.

काका, ती मतं मी मोजली आहेत. जॉर्जिया राज्यातलं अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतं तिथली नाहीत, शेजारच्या ग्विनेट काउंटीतली. पण तुम्ही "सगळ्यांना" म्हणालात, आणि त्या सगळ्यांत मी येते.

३ नोव्हेंबर २०२० ला पहाटे साडेपाचला मी मतदान केंद्रावर हजर होते. करोनाचे दिवस. तोंडाला मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, टेबलावर सॅनिटायझरच्या बाटल्या. आधी सगळ्यांनी शपथ घेतली. मग स्कॅनर सुरू केला आणि त्यातून दुकानातल्या पावतीसारखी एक लांब पट्टी बाहेर आली. त्या पट्टीवर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे शून्य. आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी ती मोठ्यानं वाचली, तिघांनी सह्या केल्या, सीलचे आकडे फॉर्मवर उतरवले आणि सातला दार उघडलं.

त्या दिवशी दुपारी साताऱ्याहून बाबांचा फोन आला. बाबा शाळामास्तर होते. पेटीच्या काळात त्यांनी कितीतरी निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली होती. एसटीनं गावात पोचायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं आणि सकाळी पोलिंग एजंटांसमोर पेटी उपडी करून, हातानं वाजवून दाखवायची, की बघा, आत काही नाही. मी कुठे बसले आहे हे कळल्यावर त्यांनी एकच विचारलं, "सुरुवातीला रिकामी पेटी दाखवली का?" मी शून्याच्या पट्टीचं सांगितलं. "मग ठीक," म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सातला दार बंद झालं तरी आमचं काम संपलं नव्हतं. जितक्या मतदारांची यादीत नोंद झाली, तितक्याच मतपत्रिका स्कॅनरमध्ये निघाल्या पाहिजेत, आणि यंत्रांनी छापलेल्या मतपत्रिकांचा आकडाही त्याच्याशी जुळला पाहिजे. आमचा एकानं चुकत होता. छापलेली एक जास्त, स्कॅन झालेली एक कमी. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, घरी मुलं वाट बघत होती, पण त्या एका कागदाशिवाय कुणी हललं नाही. पाऊण तासानं सापडला. दुपारी एका आजींनी चुकीच्या नावाला हात लावला म्हणून कागद परत केला होता आणि नवा घेतला होता. जुना रद्द झालेल्या मतपत्रिकांच्या पाकिटात होता, नोंद मात्र दुसऱ्या फॉर्मवर राहिली होती. तो जुळला तेव्हा निकालाची पट्टी निघाली, सह्या झाल्या आणि तिची एक प्रत बाहेरच्या दाराला चिकटवली. कुणीही यावं आणि वाचावी.

हे एका केंद्राचं झालं. अशी हजारो केंद्रं या एका राज्यात आहेत.

भारतातून आलेल्या आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज इथे आहे. आपल्याकडे एक निवडणूक आयोग असतो आणि तो शिपायापासून केंद्रीय दलापर्यंत सगळ्यांना हलवतो. अमेरिकेत मतं मोजणारी अशी एक संस्था नाहीच. निवडणूक घेतं राज्य, आणि राबवते काउंटी. रात्री टीव्हीवर जो निकाल दिसतो तो असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं किंवा वाहिन्यांनी हिशेब मांडून दिलेला अंदाज असतो, सरकारी निकाल नव्हे. खरा निकाल पुढे काही आठवड्यांनी लागतो. काउंटीचं बोर्ड आकडे प्रमाणित करतं, मग राज्य करतं, डिसेंबरात इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांचे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मतदान करतात आणि ६ जानेवारीला काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, ती मतं मोजली जातात. ज्याला सगळा देश एकाच वेळी फिरवायचा आहे त्याला हजारो काउंट्यांमधली दोन्ही पक्षांची माणसं फिरवावी लागतील.

आणि ती रात्रीत बदललेली आघाडी. "झोपलो तेव्हा ट्रम्प पुढे होता, उठलो तेव्हा बायडन," हे वाक्य मी आपल्या ग्रुपवर किती वेळा वाचलं असेल. तुम्ही सगळे महाराष्ट्रातल्या मतमोजणीवर वाढलेली माणसं आहात. पहिल्या फेरीला पुढे असलेला उमेदवार अठराव्या फेरीला मागे पडतो, कारण आधी एका भागातल्या पेट्या उघडतात, नंतर दुसऱ्या. तालुक्याच्या गावाची यंत्रं यायची आहेत म्हटल्यावर कार्यकर्ते गुलाल हातात धरून थांबतात. इथे फेऱ्यांच्या जागी मतदानाचे प्रकार होते. २०२० मध्ये ट्रम्प स्वतः टपाली मतदानावर अविश्वास दाखवत होते, त्यामुळे त्यांचे मतदार केंद्रावर आले आणि डेमोक्रॅट मतदारांनी मोठ्या संख्येनं टपालानं मत पाठवलं. पेनसिल्व्हेनियात कायदा असा होता की टपाली लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायचेच नाहीत. लाखो लिफाफे. ते फोडायचे, तपासायचे, कागद सपाट करायचे आणि मग मोजायचे. आघाडी सरकली ती यामुळे, आणि ती सरकणार हे जाणकार आधीपासून सांगत होते.

आता जॉर्जियाकडे येते.

पहिल्या मोजणीत बायडन सुमारे १४ हजारांनी पुढे होते. पन्नास लाख मतांत १४ हजार. संशय येणं साहजिक होतं, आणि पुन्हा मोजा म्हणणं हा हक्कच आहे. राज्याच्या निवडणुकांचा कारभार पाहणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर रिपब्लिकन आणि ट्रम्प यांचे मतदार. त्यांनी ठरवलं की राष्ट्राध्यक्षपदाची सगळी मतं हातानं मोजायची. १३ नोव्हेंबरला ती मोजणी सुरू झाली आणि मला बोलावणं आलं.

एका टेबलावर दोघं. माझ्या जोडीला एक निवृत्त गृहस्थ होते. पहिल्या चहाच्या सुट्टीतच त्यांनी सांगितलं की आपण ट्रम्पना मत दिलं. मी कुणाला दिलं ते त्यांनी विचारलं नाही. मी कागद उचलायचा, नाव मोठ्यानं वाचायचं आणि त्यांच्याकडे द्यायचा. त्यांनी पुन्हा वाचायचं आणि गठ्ठ्यावर ठेवायचं. ट्रम्प, बायडन, तिसऱ्या उमेदवार जॉर्गेन्सन, कोरी, न कळणारी, असे वेगवेगळे गठ्ठे. मग दहा-दहाच्या गड्ड्या. स्कॅनर वाचायचा तो क्यूआर कोड आम्ही वाचत नव्हतो, त्याखाली शाईनं छापलेलं नाव वाचत होतो. म्हणजे यंत्रात काही फिरवाफिरवी केलेली असती तर ती इथे उघडी पडली असती. दोन्ही पक्षांचे निरीक्षक टेबलांमधून फिरत होते. एखादा कागद शंकेचा निघाला तर तो दोन्ही पक्षांच्या माणसांच्या समितीकडे जायचा. दिवसाच्या शेवटी बोटांची टोकं कागदानं कोरडी पडून चिरायची. घरी येऊन मी त्यांना खोबरेल तेल लावायचे.

त्या मोजणीत चुका सापडल्या, हे मी लपवणार नाही. फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका स्कॅन करायच्याच राहिल्या होत्या. फेएट काउंटीत एका मेमरी कार्डावरची २,७५५ मतं वर चढवलेली नव्हती. दोन्ही ठिकाणी ट्रम्प यांना जास्त मतं होती. ती मोजली गेली आणि बायडन यांची आघाडी कमी झाली. चूक ज्याच्या तोट्याची होती त्याला त्याची मतं मिळाली. नंतर ट्रम्प यांच्या मागणीवरून तिसऱ्यांदा, यंत्रावर, मोजणी झाली. शेवटचा फरक ११,७७९. त्या तिसऱ्या मोजणीत फुल्टन काउंटीनं काही मतपत्रिका, बहुधा तीन हजारांच्या वर, दोनदा स्कॅन केल्या असाव्यात असं पुढे चौकशीत निघालं आणि २०२४ मध्ये राज्याच्या निवडणूक बोर्डानं त्या काउंटीला समज दिली. हा ढिसाळपणा होता, तो चीड आणणारा आहे, आणि फुल्टनच्या कारभाराबद्दल तुम्ही बोर्डाच्या बैठकीत जाऊन बोललात तर मी शेजारी उभी राहीन. पण हातानं मोजलेले कागद त्याच्या आधीचे आहेत, आणि त्यांनीही बायडनच जिंकल्याचं सांगितलं. "मेलेल्यांनी मत दिलं" असाही आकडा फिरला, जवळजवळ पाच हजारांचा. राज्यानं शोधलं तेव्हा चार सापडले.

फुल्टनच्या त्या व्हिडिओविषयी मला मनापासून बोलायचं आहे. स्टेट फार्म अरेनात, जिथे फुल्टनची मोजणी चालली होती, टेबलाखालून "सुटकेस" ओढतानाचा तो तुकडा तुमच्यापैकी अनेकांनी पाठवला होता. त्या सुटकेस नव्हत्या, मतपत्रिका ठेवायच्या नेहमीच्या पेट्या होत्या. त्या टेबलाखाली ठेवल्या तेव्हा निरीक्षक आणि पत्रकार हॉलमध्ये होते. हे राज्याच्या तपास अधिकाऱ्यांनी संपूर्ण चित्रण बघून सांगितलं, आणि ते अधिकारी रिपब्लिकन सेक्रेटरीच्या हाताखालचे. त्या व्हिडिओत काम करणाऱ्या दोन बायका आई आणि मुलगी होत्या. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानींनी त्यांची नावं घेतली, त्यांच्यावर आळ घेतला. मग त्यांच्या फोनवर काळ्या बायकांसाठीच्या घाणेरड्या शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. आईला राहतं घर सोडून जावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीनं जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. पण भरपाईच्या आकड्यानं त्या बाईला आपलं नाव चारचौघांत निर्धास्त सांगता येईल का, ते मला सांगा.

ती बाई आणि मी एकच काम करत होतो. माझा व्हिडिओ कुणी कापला नाही, एवढाच फरक. कापला असता, तर टिकली लावलेली एक बाई कागद उचलते आहे, हे पाहून आपल्याच ग्रुपवर तुम्ही काय लिहिलं असतंत?

२ जानेवारी २०२१ ला राष्ट्राध्यक्षांनी रॅफेन्सपर्गर यांना फोन करून आपल्याला ११,७८० मतं शोधायची आहेत असं सांगितलं. त्या फोनचं ध्वनिमुद्रण जाहीर आहे, ऐकून घ्या. फरकाहून बरोबर एक मत जास्त. मला ते ऐकताना आमचा तो पाऊण तास आठवला. एका कागदासाठी आम्ही आठ जण थांबलो होतो, आणि हा माणूस बारा हजार कागद शोधा म्हणत होता. चार दिवसांनी कॅपिटॉलवर, म्हणजे संसद भवनावर, ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला, सुमारे १४० पोलीस जखमी झाले. त्याच रात्री, तेच सभागृह झाडून, ट्रम्प यांचेच उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी मोजणी पहाटेपर्यंत पूर्ण केली. आपल्याच पक्षाच्या जमावाच्या घोषणा कानावर पडल्या असतानाही त्यांनी ती केली, हे मी विसरत नाही.

काही जण म्हणतील, डेमोक्रॅट काय धुतल्या तांदळासारखे? नाहीत. जानेवारी २००५ मध्ये ओहायोच्या मतांवर त्यांच्याच सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी हरकत घेतली होती. २०१७ मध्ये काही सदस्य उठले आणि त्यांना खाली बसवलं ते उपाध्यक्ष बायडन यांनी. पण २००० साली ५३७ मतांवर फ्लोरिडा बुश यांच्याकडे गेली, सर्वोच्च न्यायालयात प्रकरण संपलं, तेव्हा देशभरात पाच लाखांहून अधिक मतं जास्त मिळवलेल्या डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांनी हार मान्य केली. पुढे ६ जानेवारीला स्वतःच्याच पक्षाच्या सदस्यांच्या हरकती त्यांनी उपाध्यक्ष म्हणून पीठावरून फेटाळल्या. मी नुकतीच या देशात आले होते. टीव्हीवर भिंग लावून कागदाची छिद्रं बघणारे अधिकारी आणि नंतर गोर यांचं ते भाषण, अमेरिकेबद्दलचा माझा आदर तिथून सुरू झाला. म्हणून २०२० आणि बाकीची वर्षं मला एका तागडीत घालता येत नाहीत. हरकत घेणं वेगळं. ट्रम्प यांच्या बाजूचे साठाहून अधिक दावे न्यायालयात टिकले नाहीत तरी अडून बसणं आणि त्यासाठी माणसं अंगावर घालणं वेगळं.

आता ग्रुपमधल्या दुसऱ्या बाजूला. तुम्ही मनातून खूश होत वाचत असाल, पण हे तुमच्यासाठीही आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. जॉर्जियात सुमारे १ लाख १५ हजारांनी, देशात ३१२ विरुद्ध २२६ इलेक्टर मतांनी. दोनच दिवसांत, २०२० मध्ये ज्या मुलीनं मला "ताई, या लोकांना पुरावा म्हणजे काय ते कळतच नाही" असं लिहिलं होतं, तिनंच मला स्टारलिंकचा संदेश पाठवला. मस्कच्या उपग्रहांनी मतं बदलली म्हणे. शिवाय दोन कोटी मतं "गायब" असल्याचा तक्ता. मी तिला फोन केला. आपली मतमोजणीची यंत्रं इंटरनेटला जोडलेली नसतात. काही ठिकाणी स्टारलिंक वापरलं गेलं ते मतदारयादी तपासण्याच्या जोडणीसाठी. आणि ती दोन कोटी मतं गायब नव्हती, मोजायची होती. कॅलिफोर्नियात टपाली मतांची मोजणी आठवडेच्या आठवडे चालते. शेवटी ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिस यांची मतं साडेसात कोटींवर गेली, ट्रम्प यांची सात कोटी ७३ लाखांवर. ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, पण मला ते खरं असावंसं वाटत होतं." सहा वर्षांत या विषयावर माझ्याशी इतकं खरं कुणी बोललं नाही.

फरक आहे, आणि तो मोठा आहे: हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी हार मान्य केली आणि ६ जानेवारी २०२५ ला उपाध्यक्ष म्हणून स्वतःच्या पराभवाच्या मोजणीचं अध्यक्षपद शांतपणे भूषवलं. तो संदेश फोनवरच राहिला, कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर गेला नाही. पण मोजणाऱ्या टेबलावर बसलेल्या बाईला दोन्ही संदेश सारखेच लागतात.

यात आपल्या देशाचंही एक येतं. ग्रुपवर मी पाहते, ज्यांना इथल्या डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रावर संशय त्यांतल्या बऱ्याच जणांना भारतातल्या ईव्हीएमवर पूर्ण भरवसा आहे, आणि ज्यांना ईव्हीएमवर संशय त्यांना इथलं यंत्र सोन्याचं वाटतं. यंत्र कसं चालतं ते दोघांनीही पाहिलेलं नाही, निकाल पाहिलेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी कागदावर पुन्हा मतदान करून बघायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते होऊ दिलं नाही, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस भांडण झालं. भारतात व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला नाकारली. जॉर्जियात तेच झालं होतं हो. प्रत्येक कागद, हातानं, दोघांच्या नजरेखाली. मारकडवाडीच्या माणसाला जे हवं होतं ते इथे मिळालं, आणि इथल्या आपल्या माणसानं ते पाहिलंही नाही.

काका, तुम्हाला रागवायचं असेल तर खुशाल रागवा. हरल्याचं दुःख खरं असतं, मलाही झालेलं आहे. पण आळ घ्यायचा तर नाव, टेबल आणि तारीख घेऊन काउंटीच्या बोर्डाकडे जा. बैठका खुल्या असतात. निवडणुकीआधी यंत्रांची चाचणी होते तीही सगळ्यांसमोर असते. मी तीन वेळा गेले आहे, आणि एकदाही तिथे आपला माणूस दिसला नाही. पक्षातर्फे निरीक्षक म्हणून बसता येतं. आणि नागरिक असाल तर माझ्यासारखं केंद्रावर काम करता येतं. प्रशिक्षण देतात, थोडे पैसेही देतात. आमच्या केंद्राला कायम माणसं कमी पडतात. धमक्यांनंतर जुन्या, जाणत्या बायकांपैकी दोघींनी काम सोडलं. त्यातल्या एक म्हणजे शून्याची पट्टी मोठ्यानं वाचणाऱ्या आमच्या केंद्रप्रमुख. त्यांची सून म्हणाली, आता पुरे.

मध्यावधी निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. नावनोंदणीचा फॉर्म काउंटीच्या संकेतस्थळावर आहे, दोन पानांचा. ज्यांना भरायचा असेल त्यांनी मला कळवा, मी सोबत बसून भरून देईन. त्या दिवशी पहाटे पाचला मी निघते, गाडीत चार जागा आहेत. पुढची जागा मी काकांसाठी ठेवली आहे. चहा थर्मासमध्ये असेल, आलं घातलेला, आणि डब्यात घावन. काका, सकाळची शून्याची पट्टी या वेळी तुम्ही वाचा.

आपली,
मंडळातलीच एक सभासद
ग्विनेट काउंटी, जॉर्जिया